बाई दारात उभ्या होत्या

वर्गात फोन न्यायचा नाही, हा नियम बाईंचा. तो कुठे लिहिलेला नाही, त्याचं परिपत्रकही कुणी काढलेलं नाही. बाई नेत नसत म्हणून आम्ही कुणी नेत नाही, एवढंच. त्यामुळे बाई गेल्याची बातमी शिक्षकांच्या खोलीतल्या कपाटात, माझ्या पर्समध्ये वाजत पडली आणि मी इकडे नववीला विजेचा पाठ शिकवत राहिले. तास संपत आला तेव्हा दाराच्या चौकटीत कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. मी वळून पाहिलं नाही. त्या जागी कुणी उभं असलं की मला धीर येतो, ही फार जुनी सवय. उलट माझा आवाज जरा मोकळाच झाला. मग वळले, तर आमचे शिपाई नामदेवमामा. टोपी काढून हातात धरलेली. मामा जेवतानासुद्धा टोपी काढत नाहीत. "काय झालं मामा?" म्हटलं, तर म्हणाले, "काई न्हाई मॅडम. तास होऊ द्या, मग या." बाहेरचं काही वर्गात आणायचं नाही, हा त्या नियमाचा अर्थ त्यांनाही ठाऊक होता. पुढे मी काय शिकवलं ते मला आठवत नाही. फळ्यावर हात आपोआप चालत होता आणि मनात एकच चाललं होतं, घंटा होऊ नये. घंटा झाली नाही, तर काही झालेलंच नाही...

बाई म्हणजे सुमन सोनकांबळे. शिरूर अनंतपाळच्या आमच्या शाळेत त्यांनी हयात घालवली. विज्ञान शिकवायच्या, पुढे पर्यवेक्षिका झाल्या आणि निवृत्तीनंतर मुलाकडे, प्रशांतकडे, नांदेडला राहायला गेल्या. शाळेत आम्ही बाकी सगळ्या 'मॅडम'. 'बाई' त्या एकट्याच. बुटक्या, जाड भिंगाचा चष्मा, सुती साडी, मनगटाच्या आतल्या बाजूला घड्याळ. वर्गात अगदी पुस्तकी मराठी बोलायच्या आणि व्हरांड्यात पाऊल टाकलं की घरची भाषा सुरू. रागावल्या की पुस्तकी, माया आली की घरची, असंही आम्ही म्हणत असू. त्या माझ्याशी पुस्तकी मराठीत कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

त्यांच्या नांदेडच्या कॉलनीतल्या बुद्धविहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, समोर मेणबत्त्या, फुलांत ठेवलेला बाईंचा फोटो. फोटोत त्या हसत नव्हत्या. फोटो काढताना त्या नेहमीच परीक्षेला बसल्यासारखा चेहरा करायच्या. वंदना झाली, एकेक जण उठून दोन शब्द बोलला. मग प्रशांतनं माझं नाव घेतलं. "आईच्या शाळेतल्या मॅडम. आईची लेकच म्हणा," असं तो म्हणाला. मी उठले, माईक हातात घेतला आणि माझी दातखीळ बसली. रोज घसा सुकेपर्यंत बोलणारी मास्तरीण मी! समोरच्या एवढ्या डोळ्यांतून वाट काढत मी दाराकडे पाहिलं. दारात चपलांचा ढीग होता आणि ऊन होतं. मी माईक तसाच खाली ठेवून बसले. शेजारी बसलेल्या एका मावशींनी पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला. सगळ्यांना वाटलं, मला रडू अनावर झालं. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. ती भीती होती. लहानपणापासून ओळखीची, थंड, पायांच्या तळव्यातून वर चढणारी. बाई दारात उभ्या होत्या म्हणूनच ती इतकी वर्षं बाहेर थांबली होती की काय, असं मला वाटलं. निघताना प्रशांत म्हणाला, "मॅडम, बोलणं होत नसंल तर लिहा. आईला चालंल." म्हणून हे लिहून राहिले आहे. लिहिताना समोर कुणी नसतं, हे एक बरं.

ही भीती कुठून आली ते मला सांगता येणार नाही. लोह्याला आमची पिठाची गिरणी. गिरणीच्या आवाजात घरातली सगळी माणसं ओरडूनच बोलायची, आणि त्या घरात मी अशी जन्मले की माझा आवाज आईलासुद्धा दोनदा विचारावा लागायचा. पाहुणे आले की मी पिठाच्या पोत्यांमागे. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस," आई म्हणायची, आणि तो ब्रह्मराक्षस मला रोज शाळेत भेटायचा. उत्तर येत असूनही मी कधी हात वर केला नाही. मला येतंय ते बरोबर असेल, यावर माझा विश्वासच नव्हता. बारावी झाली, नांदेडला बी.एस्सी. झालं, आणि चुलत्यांनी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सल्ला दिला, "पोरीला मास्तरीण करा. इज्जतीची नोकरी हाय." घरात कुणी मला विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी कुठे बोलणार होते! बी.एड.च्या पहिल्याच सराव पाठाला नांदेडच्या एका शाळेत मी फळ्यावर विषय लिहिला, वर्गाकडे तोंड केलं आणि चक्कर येऊन पडले. पोरांनी तोंडावर पाणी मारलं. मागच्या बाकावर निरीक्षणाला बसलेल्या सरांनी शेरा दिला, 'विषयाची तयारी चांगली.' ते सर भले माणूस होते, पण माझ्या मनात पक्कं झालं की हे काम आपलं नव्हे.

मग शिरूरला तासिका तत्त्वावर, म्हणजे तासामागे मानधन अशा बोलीवर, जागा मिळाली. अण्णा पोचवायला आले, खोली बघून दिली, पाण्याची घागर भरून ठेवली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. त्यांना सांगितलं नव्हतं, पण मी एक पळवाट आधीच तयार ठेवली होती. लोह्यात एका पतसंस्थेत संगणकावर माहिती भरायची जागा निघणार होती. माझ्या मामांची तिथे ओळख होती. दिवाळीपर्यंत कळवा, म्हणाले होते. मी ठरवलं होतं, तोवर कसंबसं ढकलायचं आणि मग आयुष्यभर खाली मान घालून बोटं चालवायची. तिथे माझ्याकडे कुणी बघणार नाही, मला कुणी काही विचारणार नाही. इतक्या साध्या सुखाची मी स्वप्नं बघत होते.

पहिल्या तासाची घंटा झाली. सगळे आपापल्या वर्गात गेले आणि मी व्हरांड्यात खडूची पेटी छातीशी धरून उभीच. आठवीच्या वर्गातून गलका ऐकू येत होता. त्या गलक्यात आपण शिरायचं आहे, या कल्पनेनं मी आणखी एक पाऊल मागे सरकले. तेवढ्यात पलीकडून बाई आल्या.

"काय गं माय, तास हाय ना तुझा?"

"हो."

"मग? भ्यालीस का?"

नाही म्हणायचं ठरवलं होतं, पण मान होकारार्थी हलली. आता उपदेश सुरू होणार म्हणून मी तयारीत राहिले. मुलं म्हणजे फुलं, पहिल्यांदा सगळ्यांचंच असं होतं, वगैरे. बाईंनी त्यातलं काहीच म्हटलं नाही. "चल. माझा तास मोकळा हाय. मी दारात उभी ऱ्हाते," एवढंच म्हणाल्या. मी काकुळतीला येऊन म्हटलं, "बाई, आतच या ना." तर म्हणाल्या, "आत आले की वर्ग माझा व्हतो. दारात उभी ऱ्हाते. तू नको बघू माझ्याकडं."

आता होऊनच जाऊ दे, असं म्हणत मी जी सुटले ती थेट वर्गात. "पाठ तिसरा काढा," म्हटलं. सगळ्यांनी पुस्तकं उघडली. मी मुलांच्या डोक्यांवरून मागच्या भिंतीकडे बघत बोलायला लागले. तिसरा पाठ बल आणि दाबाचा. खिळ्याचं टोक लाकडात का घुसतं, दप्तराचा पट्टा रुंद असला तर खांदा का दुखत नाही... रात्रभर पाठ केलेलं सगळं घडाघडा बाहेर पडत होतं. वर्ग चिडीचूप. माना खाली, नजर पुस्तकात. इतका शांत वर्ग! मला वाटलं, घोडं गंगेत न्हालं. डाव्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्यात, बाईंचा अर्धा खांदा, साडीचा काठ आणि चौकटीवर टेकवलेला हात दिसत होता. अधूनमधून तो हात नाहीसा व्हायचा, शेजारच्या वर्गातला गलका एकदम थांबायचा आणि हात परत जागेवर यायचा.

घंटा झाल्यावर मी बाहेर आले. अंगावर घामाच्या धारा होत्या, पण मान ताठ होती.

"कसा झाला तास?" बाईंनी विचारलं.

"बरा झाला. शांत होती मुलं."

"कोणता वर्ग घेतलीस?"

"आठवी."

"माय माझे..." बाई पायरीवरच बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "अगं, ही नववी हाय. तुझी आठवी पलीकडं बोंबलत व्हती. त्यास्नी गप करून करून मी दमले."

नववीचे सर त्या आठवड्यात रजेवर होते. आणि नववीच्या पुस्तकातला तिसरा पाठ विजेचा. म्हणजे मी दप्तराचे पट्टे आणि खिळे सांगत होते तेव्हा सगळा वर्ग तारांच्या आणि दिव्यांच्या चित्रांवर माना घालून बसला होता, आणि एकानंही 'मॅडम, हे आमचं नाही' असं म्हटलं नव्हतं. धरणीनं पोटात घ्यावं, असं मला झालं. "तुम्हाला कळलं होतं, मग थांबवलं का नाही?" मी रडकुंडीला येऊन विचारलं. "दुसऱ्याच वाक्याला कळलं," बाई म्हणाल्या, "पण तू बोलायला लागली व्हतीस. थांबवलं असतं तर पुन्यांदा बोलली नसतीस." मी म्हटलं, "मला नाही जमणार बाई. मी उद्या लोह्याला जाते." बाईंचं हसू थांबलं. चष्मा पुसत म्हणाल्या, "जा की. कोण धरलंय तुला? फक्त जायच्या आधी त्याच वर्गात जा अन् पोरांना इचार, तुम्ही बोलले का न्हाईत म्हणून. उत्तर घे अन् मग गाडी धर."

दुसऱ्या दिवशी खोलीवर पिशवी भरून ठेवूनच मी शाळेत गेले. नववीच्या दारात पोचले. बाई येऊन चौकटीला हात टेकवून उभ्या राहिल्या होत्या. आत जाऊन मी विचारलं, "काल मी तुम्हाला आठवीचा पाठ शिकवला. तुम्ही कुणी सांगितलं का नाही?" सगळ्यांच्या माना खाली. ती शांतता कालचीच होती, पण आज ती मला ऐकू आली. त्यांना वाटत होतं, आता मार बसणार. तेवढ्यात लाल रिबिनी करकचून बांधलेली एक मुलगी अर्धवट उभी राहिली आणि बाकाकडे बघतच म्हणाली, "मॅडम, आमाला वाटलं, आमचंच पुस्तक चुकलंय." मागून एक मुलगा म्हणाला, "माझं तर भावाचं जुनं हाय. मला वाटलं, नव्यात बदललं असंल." मग आणखी एक, मग आणखी. अख्ख्या वर्गाकडे तेच पुस्तक होतं, प्रत्येकाच्या हातात तोच पाठ होता, आणि तरी प्रत्येकाला वाटलं होतं की चूक फक्त आपलीच आहे. शेजारच्याच्या पुस्तकात डोकवायचं धाडससुद्धा कुणी केलं नव्हतं.

त्या क्षणी मला काय झालं, ते मी इतक्या वर्षांत अनेकदा सांगायचा प्रयत्न केला आहे. समोर बाकांवर मीच बसले होते. प्रत्येक बाकावर मीच. पोत्यांमागे लपलेली, येतंय तरी हात वर न करणारी. माझ्या भीतीपायी काल मी मुलांच्या तोंडाकडे पाहिलंच नव्हतं, म्हणून तीही मला भिऊन बसली होती, हे कळून माझ्या अंगावर काटा आला. मी पहिल्यांदा भिंत सोडून त्यांच्याकडे पाहिलं. "पुस्तक तुमचं बरोबर होतं," मी म्हटलं. "चुकले मी." आवाज मोठा निघाला, माझा मलाच अनोळखी. मग कुणीतरी फिस्सकन हसलं, मग मी हसले, आणि मग नववी जी हसली की आठवी दारात बघायला आली. विजेच्या पाठाची माझी काहीच तयारी नव्हती. मी रिबिनीवाल्या मुलीला वाचायला सांगितलं आणि अडलं तिथे आम्ही मिळून डोकं लावलं. लोह्याची गाडी गेली. पुढे दिवाळीही गेली, पतसंस्थेतली जागा दुसऱ्या कुणाला मिळाली, आणि शिकवणं हेच आपलं काम, हे मी अण्णांच्या आधी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला सांगू नको. पोरांना कळू दे."

भीती मात्र गेली नाही. वाचणाऱ्यांना वाटेल, त्या दिवसापासून मी वाघीण झाले. छे! रोज सकाळी खडूची पेटी तशीच छातीशी धरून मी व्हरांड्यात थांबायचे. फरक इतकाच, की जमेल तेव्हा बाई दारात असायच्या. तास मोकळा असला की पाच मिनिटं, कधी दहा मिनिटं, चौकटीला हात टेकवून. आत कधीच आल्या नाहीत, आणि बाहेर आल्यावर 'इथे चुकलीस, तिथे चुकलीस' असंही कधी म्हणाल्या नाहीत. नववीच्या चौकटीवर त्यांचा हात असायचा तिथला रंग पार उडून गेला आहे. मला चिडवणं मात्र त्यांनी निवृत्त होईपर्यंत सोडलं नाही. मी वर्गात शिरले की व्हरांड्यातून आवाज यायचा, "वर्ग बरोबर हाय ना माय?" त्यातूनच मला एक खोड लागली. आत गेले की मी मुलांना विचारायचे, "हा कोणता वर्ग?" आणि मुलं छप्पर उडेल अशी ओरडायची, "नववी!" नव्या मुलांना वाटायचं, मॅडम जरा सटकलेल्या आहेत. पण त्या एका ओरडण्यात त्यांचा आवाज फुटायचा, आणि माझाही.

तुम्हाला कधी भीती वाटली का, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. आम्ही प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धूत होतो. बाईंनी हातातली नळी धुऊन उपडी ठेवली. मग म्हणाल्या, निलंग्याकडच्या एका खेड्यात त्यांची पहिली नेमणूक झाली, तेव्हा पहिल्या दिवशी वर्गाच्या खिडक्यांत माणसं येऊन उभी राहिली होती. सोनकांबळ्याची पोरगी खुर्चीवर बसून काय शिकवते, ते बघायला. कुणी काही बोललं नाही, कुणी काही केलं नाही. नुसते बघत होते. "तू चुकलीस तर पोरगी चुकली म्हणतेत," बाई म्हणाल्या. "मी चुकले असते तर आमची समदीच चुकली असती. मला चुकायची सवलतच नव्हती गं. फळ्याकडं वळायचं बी भ्या वाटायचं, पाठीमागं कोण काय बघून राहिलंय म्हणून." मी विचारलं, "मग काय केलंत?" "काय करनार? शिकवलं. रोज शिकवलं. हळूहळू खिडकीतले कमी झाले." नळी उजेडाकडे धरून त्यांनी आत बघितलं. "खिडकीत लई व्हते. दारात कुणी नव्हतं," त्या म्हणाल्या, आणि पुढची नळी घेतली. माझी भीती त्यांच्या भीतीपुढे किती फुकटची होती! पण त्यांनी तसं कधी जाणवू दिलं नाही. त्यांच्यासाठी जे कुणी केलं नव्हतं, ते त्या माझ्यासाठी मुकाट्यानं करत राहिल्या.

या वर्षी त्यांच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन ठरलं. प्रशांतचा फोन आला आणि मी अहमदपूर-लोह्यावरून जाणारी नांदेडची गाडी धरली. गाडी लोह्यात थांबली, तरी मी उतरले नाही. दवाखान्यात बाई हिरव्या झग्यात पलंगावर बसल्या होत्या. चष्मा काढलेला, घड्याळ काढलेलं, मनगटाच्या आतल्या बाजूला घड्याळानं उमटलेला पांढरा पट्टा. प्रशांत औषधं आणायला बाहेर गेला, तसा त्यांनी माझा हात धरला. हात गार होता. "मला लई भ्या वाटून राहिलं गं," त्या म्हणाल्या. "पोरासमोर म्हणता येत न्हाई. तो आधीच बेजार झालाय." ज्या माणसाच्या जिवावर आपण धीट झालो, त्यानंच असं म्हटलं की काय होतं, ते शत्रूलाही कळू नये. मला पळून जावंसं वाटलं. खरंच, जिन्याकडे एकदा नजरही गेली. मग माझ्या तोंडून आपोआप निघालं, "बाई, मी दारात उभी राहते."

त्या हसल्या. "हाव. दिसशील अशी ऱ्हा."

"चष्मा नाही तुमचा. दिसणार कसं?"

"दिसत न्हाई गं. कळतंय की."

स्ट्रेचर आलं. मी पुढे जाऊन ऑपरेशनच्या खोलीच्या दाराच्या चौकटीला हात टेकवून उभी राहिले. तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, बाजूला सरका." मी सरकले, पण चौकट सोडली नाही. आत नेताना बाईंनी मान जराशी वळवली आणि बारीक आवाजात विचारलं, "वर्ग बरोबर हाय ना माय?" मी म्हटलं, "बरोबर आहे बाई." दार लागलं. त्या लागलेल्या दाराकडे बघत मी किती वेळ उभी होते, कुणास ठाऊक. ऑपरेशन नीट झालं. पुढे फोनवर दोनदा बोलल्यासुद्धा, घटक चाचणी कशी झाली म्हणून विचारलं. घरी सोडायचं ठरत होतं आणि मग एकाएकी तब्येत ढासळली... आणि टोपी हातात घेऊन मामा नववीच्या दारात उभे राहिले.

पुण्यानुमोदनाहून परत आल्यावर मला नववीच्या वर्गात जाणं जमेना. म्हणजे जात होते, पण पूर्वीसारखी भिंतीकडे बघत. फळ्यावर लिहून द्यायचं, उतरवून घ्या म्हणायचं, घंटा झाली की सुटायचं. दाराच्या बाजूला मान वळवायची नाही. तिथे कुणी नाही, हे दिसेल म्हणून भीती. आणि कुणी दिसलंच, तर ते पुन्हा काय सांगायला आलं असेल, म्हणूनही भीती. 'हा कोणता वर्ग' हे विचारणं बंदच झालं. मुख्याध्यापकांच्या ते लक्षात आलं असावं. त्यांनी बोलावून घेतलं आणि चांगल्या मनानं म्हणाले, "मॅडम, शाळेची ऑनलाईन माहिती भरायची कामं लई तुंबलीत. ती तुम्ही घ्या. नववीचे तास दुसऱ्या कुणाला देऊन टाकू. तुम्हाला बी जरा इसावा." मला हसावं की रडावं कळेना. लोह्याची पतसंस्था इतक्या वर्षांनी माझा पत्ता शोधत शिरूरला आली होती. आणि खरं सांगते, मला ती हवीशी वाटली. खाली मान, चालती बोटं, समोर कुणी नाही. "सोमवारी सांगते सर," म्हटलं. सांगायचं काय ते मनात ठरलंच होतं.

सोमवारी नववीचा तास होता. शेवटचा समजून गेले. दारापर्यंत आले आणि पाय थांबले. आत मुलं उठून उभी राहिली, नमस्ते झालं, आणि मी बसा म्हणत नव्हते म्हणून ती उभीच राहिली. मी उंबऱ्याच्या बाहेर, ती आत. नकळत माझा हात चौकटीवर गेला होता, रंग उडालेल्या जागेवर. ती जागा माझ्या खांद्याच्याही खाली आहे. बाई किती बुटक्या होत्या, ते मला तेव्हा नव्यानं कळलं. आता परत फिरायचं आणि सरांना हो म्हणायचं. तेवढ्यात पहिल्या बाकावरची एक मुलगी, कधी फारशी न बोलणारी, बाकाकडे बघत म्हणाली, "मॅडम, तुम्ही आमच्यावर रागावल्या का?"

"का गं?"

"तुम्ही आमच्याशी बोलूनच न्हाई राहिल्या. वर्ग बी इचारत न्हाईत." तिनं वहीचा कोपरा दुमडला. "आमाला वाटलं, आमचंच काही चुकलं."

मी आत गेले. कशी गेले ते माहीत नाही, पण उंबरा मागे राहिला होता. "तुमचं काही चुकलं नाही," मी म्हटलं. "मला भीती वाटत होती." मुलं माझ्याकडे बघतच राहिली. मॅडमला भीती वाटते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मग मी त्यांना दाराजवळची ती रंग उडालेली जागा दाखवली आणि बाईंबद्दल सांगितलं. चुकलेल्या वर्गाबद्दल, दप्तराच्या पट्ट्यांबद्दल. कुणीतरी फिस्सकन हसलं. तो आवाज मी ओळखला. प्रत्येक नववीत तो एकाकडे तरी असतोच. सरांना नाही म्हणून सांगायची आठवण मला ठेवावी लागली नाही, मधल्या सुट्टीत तेच माझ्याकडे बघून समजले.

विजेचा पाठ समजावून सांगायचा अर्धाच राहिला होता, मामा दारात आले होते तिथे. मी खडू हातात घेतला. तो मोडला. दुसरा घेतला. फळ्याकडे वळायच्या आधी मी दाराकडे पाहिलं, मुद्दाम, डोळे उघडे ठेवून. दारात कुणी नव्हतं. मग मी वर्गाकडे तोंड करून विचारलं, "हा कोणता वर्ग?"

"नववी!"